फेसाचा प्रवास : कर्बाम्लवायूकडून नत्रवायूकडे

खानापूरची माती मडक्यांसाठी आणि कौलांसाठी पूर्वापार नावाजलेली आहे. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावून मलप्रभा ह्या तालुक्यातून पूर्वेकडे वाहत जाते. पश्चिमेस सह्याद्रीची दाट राने आहेत आणि त्यांच्या पलीकडे घाट उतरला की गोवा. ह्या रानांतून भेर्ली माड उगवतो. त्याची पोय छेदून खाली मडके बांधले की रात्रभरात गोड रस ठिबकतो. सूर्योदयापूर्वी तो रस नीरा असतो आणि ऊन चढू लागले की त्याची माडी होते. हवेतील आणि मडक्यातील किण्व, म्हणजे ज्यास यीस्ट म्हणतात ते सूक्ष्म जीव, रसातील साखर खाऊन मद्यार्क निर्माण करतात आणि त्याबरोबर एक वायू सोडतात. मडक्याच्या तोंडाशी जो पांढरा फेस फसफसून वर येतो, तो ह्या वायूचाच.

हा फेस टिकवावा, असे माडी उतरविणाऱ्याच्या मनात कधी आले नसावे. ज्या दिवशी माडी उतरली त्याच दिवशी ती संपे, दुसऱ्या दिवशी ती आंबट होई आणि तिसऱ्या दिवशी ती शिरका म्हणून उपयोगी पडे. मातीचे मडके पाझरणारे. त्यात वायू कोंडून राहण्याची सोयच नाही. झाड, मडके आणि पिणारा ही तिन्ही एका हाकेच्या अंतरावर असताना फेसाचा प्रश्न उद्भवत नाही. तो उद्भवला दूरवर जाणाऱ्या पेयाबाबत, आणि अशा एका पेयाची वाट पुढे ह्या प्रांतातूनच गेली.

१८१८ साली सर टॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला व त्यानंतर तेथे इंग्रजी फौजेची छावणी वसली. गोऱ्या शिपायास बीअर लागे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या फौजेसाठी इंग्लंडहून पोर्टर नावाची काळी बीअर पिपे भरभरून मागवीत असे. अधिकाऱ्यांच्या मेजावर बर्टनची फिकी बीअर येई आणि शिपायांच्या वाट्याला पोर्टर. इतिहासाच्या पुस्तकांतून फिक्या बीअरचेच कौतुक अधिक आढळते, परंतु तहान भागविण्याचे काम मुख्यतः पोर्टरने केले. सुएझचा कालवा १८६९ साली सुरू होईपर्यंत ही पिपे आफ्रिकेस वळसा घालून कित्येक महिन्यांनी भारताच्या किनाऱ्याला लागत. १८१२ साली इंग्रजांच्या हाती आलेले वेंगुर्ल्याचे बंदर बेळगावच्या छावणीस सोयीचे होते. तेथून बैलगाड्या घाट चढून सुमारे १२० किलोमीटरांची मजल मारून बेळगावास पोहोचत.

एक मोठे पीप म्हणजे सुमारे २४५ लिटर बीअर. विषुववृत्त दोनदा ओलांडून, जहाजाच्या पोटातील उष्मा सोसून आणि घाटातील गचके खाऊन आलेल्या त्या पिपात काय शिल्लक असेल, ह्याचा भरवसा नसे. आत उरलेले किण्व वाटेत पुन्हा कामाला लागे. वायू फार साठला तर पीप गळे किंवा फुटे. तो निसटून गेला तर पेय सपक होई. आणि वायू गेलेल्या जागी हवा शिरली तर ते आंबे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे आली. मुरगाव बंदरातून कॅसलरॉकचा घाट चढून लोंढ्यास आणि तेथून खानापूरमार्गे बेळगावास माल येऊ लागला, आणि वेंगुर्ल्याची वर्दळ ओसरली. एका बाजूस भेर्ली माडाखालचे मडके आणि दुसऱ्या बाजूस आगगाडीच्या डब्यातील पीप, असे दोन्ही प्रकारचे फेस मग खानापूरच्या परिसरात एकाच काळी नांदू लागले.

फेस उत्पन्न करणारा हा वायू कोणता, ह्याचा उलगडा तोपर्यंत झालेला होता. १७५०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक ह्याने चुनखडीतून तो वेगळा करून ओळखला. जुन्या मराठी क्रमिक पुस्तकांत त्यास कर्बाम्लवायू म्हणत. आज कार्बन डायॉक्साइड हे नाव रूढ आहे. ब्लॅकचाच शिष्य डॅनियल रदरफोर्ड ह्याने १७७२ साली हवेतील नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन, वेगळा दाखविला. पुढे दोनशे वर्षांनी बीअरच्या पेल्यात ज्यांची गाठ पडावयाची होती ते दोन वायू असे गुरू आणि शिष्य ह्यांच्या हातून उजेडात आले.

दरम्यान १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक लीड्स येथे एका मद्यशाळेच्या शेजारी राहावयास गेला. आंबणाऱ्या पिंपांवर हवेहून जड असा वायूचा एक थर साचून राहतो, त्यात पेटती मेणबत्ती धरली की विझते, हे त्याने पाहिले. त्या थरावर त्याने पाण्याचे भांडे धरले तेव्हा वायू पाण्यात उतरून पाण्यास चुणचुणीत चव आली. सोडावॉटरचा जन्म असा मद्यशाळेत झाला. बाजारपेठेतील गोळीच्या बाटलीचे झाकण अंगठ्याने दाबून जो सोडा पिढ्यान्‌पिढ्या प्यायला गेला, त्याचे मूळ बीअरच्या पिंपावर आहे, हे ऐकून पापभीरू मंडळींस थोडे चपापल्यासारखे होईल. १८०३ साली मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने नियमच मांडला की, द्रवावर वायूचा दाब जितका अधिक तितका तो वायू त्यात अधिक विरघळतो. बीअर पिपातून पेल्यात आणण्याच्या पुढील सर्व खटाटोपाच्या मुळाशी हा एक नियम आहे.

पिपाची तोटी उघडून बीअर काढली की रिकाम्या जागेत हवा शिरते, आणि हवेतील प्राणवायू दोन-चार दिवसांत बीअर बिघडवून टाकतो. हवेऐवजी बाहेरून दाबाखाली कर्बाम्लवायू सोडला तर बीअर टिकते. मात्र हेन्रीच्या नियमाप्रमाणे तो वायू बीअरमध्ये अधिकाधिक मुरत जातो आणि शेवटी हाती येतो तो जिभेला चावणारा सोडा. फिक्या, थंड बीअरला हा दोष फारसा बाधत नाही. आयर्लंडच्या काळ्या स्टाऊटला, म्हणजे पोर्टरच्या दाट भावंडाला, तो मुळीच मानवत नाही. करपवलेल्या बार्लीचा कडवटपणा आणि कर्बाम्लवायूची आंबट चुणचुण ही एकत्र आली की तोंड वाकडे होते.

आयरिश गुत्त्यांतून ह्यावर एक घरगुती तोड काढलेली होती. तेथे दोन पिपे ठेवीत. एकात ताजी, फसफसणारी स्टाऊट असे आणि दुसऱ्यात मुरलेली, निवांत झालेली. वाढणारा इसम प्रथम ताज्या पिपातून पेला बहुतांशी फेसाने भरी, तो फेस बसेपर्यंत थांबे, वरचा भरड फेस काढून टाकी आणि मग मुरलेल्या पिपातून पेला काठोकाठ करी. हे काम सोपे नव्हते. त्या दिवशीची उष्णता, पिपाचे वय, पेल्याचा आकार, सारे त्या माणसाला नजरेने आणि मनगटाने ओळखावे लागे. चांगला हात असलेला माणूस गुत्त्याची अब्रू राखी. परंतु अशी माणसे डब्लिनमध्ये मिळत. लंडनमध्ये किंवा बर्मिंगहॅममध्ये ती कोठून आणावयाची? म्हणून ब्रिटनमध्ये ही स्टाऊट बहुतांशी बाटलीतूनच विकली जाई.

गिनेस ही ह्या व्यवसायातील अग्रगण्य कंपनी. आर्थर गिनेस ह्याने १७५९ साली डब्लिनच्या सेंट जेम्स गेट येथील मद्यशाळा सालीना ४५ पौंड भाड्याने ९००० वर्षांच्या कराराने घेतली. करार करणाऱ्याचा भविष्यकाळावरील विश्वास पाहून थक्क व्हावे असाच हा आकडा आहे. ह्या कंपनीने शास्त्रज्ञ पदरी बाळगण्याची प्रथा फार पूर्वीपासून पाळली. १८९९ साली तेथे नोकरीस लागलेल्या विल्यम गॉसेट ह्याने बार्लीच्या थोड्या नमुन्यांवरून विश्वसनीय अनुमान कसे काढावे ह्याचा विचार करता करता १९०८ साली एक गणिती कसोटी प्रसिद्ध केली. कंपनीच्या बंधनामुळे त्यास स्वतःचे नाव देता आले नाही. त्याने ‘स्टुडंट’ म्हणजे विद्यार्थी ह्या टोपणनावाने लिहिले, आणि आजही संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ती ‘स्टुडंट’ची कसोटी शिकावी लागते.

ह्याच परंपरेत मायकेल ॲश हा केंब्रिजचा गणिती १९५०च्या दशकात कंपनीत आला. पिपातील स्टाऊट कोणत्याही गुत्त्यात, कोणाच्याही हातून, एकाच पिपातून नीट वाढली जावी, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. हा प्रश्न त्याच्या आधी कित्येक वर्षे कंपनीत रेंगाळत पडलेला होता. त्याच्या ‘ड्राफ्ट गिनेस’ योजनेस सहकारी ‘डाफ्ट’, म्हणजे खुळचट, गिनेस म्हणून हिणवीत. रसायनशास्त्रज्ञ बीअरच्या अंतरंगाचा विचार करीत होते. गणिती माणसाने बाहेरील वायूकडे पाहिले. दाब तर हवा, पण तो दाब देणारा वायू बीअरमध्ये फार मुरू नये आणि तिच्या चवीत ढवळाढवळ करू नये. असा वायू शोधण्यास दूर जावयास नको होते. आपण श्वासाबरोबर जी हवा घेतो तिच्यात शेकडा ७८ भाग नत्रवायूच असतो.

पाण्यात कर्बाम्लवायू नत्रवायूच्या सुमारे ५० पट अधिक विरघळतो. म्हणून नत्रवायूचा दाब कितीही वाढविला तरी बीअरमध्ये त्याचा अंश अल्पच उतरतो. ॲशने दोन्ही वायूंचे मिश्रण वापरले; आज सर्वसाधारणपणे त्यात तीन भाग नत्रवायू आणि एक भाग कर्बाम्लवायू असतो. मिश्रणाचा एकूण दाब नेहमीच्या दुपटीहून अधिक, तरी कर्बाम्लवायूचा त्यातील वाटा लहान. नेहमीच्या बीअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट कर्बाम्लवायू मुरलेला असतो. ह्या पद्धतीच्या स्टाऊटमध्ये तो जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यामुळे पेय बिघडत नाही, सपकही होत नाही आणि जिभेला चावतही नाही.

परंतु खरी करामत फेसाची आहे. नत्रवायू द्रवातून सहजासहजी बाहेर पडावयास राजी नसतो. त्यास बाहेर काढण्यासाठी तोटीच्या आत बारीक छिद्रांची एक चकती बसवितात. मोठ्या दाबाने त्या छिद्रांतून घुसताना बीअर ढवळून निघते आणि असंख्य सूक्ष्म बुडबुडे सुटतात. ते आकाराने लहान असतात आणि दीर्घकाळ लहानच राहतात. कर्बाम्लवायूच्या फेसात लहान बुडबुड्यातील वायू भिंतीतून झिरपून शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात शिरतो, मोठा अधिक मोठा होतो आणि फुटतो. नत्रवायूस बुडबुड्याची ओली भिंत ओलांडणे जड जाते. शिवाय बाहेरील हवेतही तोच वायू असल्यामुळे बाहेर पडण्याची त्यास ओढ नसते. म्हणून हा फेस सायीसारखा दाट बसतो आणि शेवटच्या घोटापर्यंत टिकतो. जुन्या दोन पिपांच्या पद्धतीतही पिपात शिरलेली हवा आणि उंचावरून पडणारी धार ह्यांमुळे थोडाफार नत्रवायू फेसात येतच असे. मनगट जे नकळत करीत होते ते ॲशने जाणून केले.

१९५९ साली, आर्थर गिनेसच्या कराराला बरोबर २०० वर्षे झाली तेव्हा, ह्या पद्धतीचे धातूचे पीप बाजारात आले. त्याचे दोन कप्पे होते. एकात बीअर आणि दुसऱ्यात दाबाखालचे वायुमिश्रण. १९६०च्या दशकात आयर्लंडमधूनही लाकडी पिपे हद्दपार झाली आणि त्यांबरोबर दोन पिपांतून पेला जुळविणारा तो हातही. पेला दोन टप्प्यांत भरावयाचा आणि मध्ये सुमारे दोन मिनिटे थांबावयाचे, हा रिवाज मात्र अजून पाळला जातो. वास्तविक नव्या पद्धतीत त्याची गरज उरलेली नाही. पण जुन्या कौशल्याची एवढी एक खूण राहिली आहे. ह्या बदलात काही गेलेच नाही असे म्हणता यावयाचे नाही. पूर्वी दोन गुत्त्यांतील स्टाऊट एकसारखी लागत नसे, आणि पिणाऱ्याला आपला गुत्ता चवीवरून ओळखता येई.

ही हळहळ इंग्लंडात संघटित स्वरूपात प्रकट झाली. दाबाखालच्या पिपांनी चवीचा घात केला अशी तक्रार घेऊन १९७१ साली ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. तिचा रोख मुख्यतः कर्बाम्लवायूवर होता, आणि गंमत अशी की ह्या इंग्रज मंडळींनी तिची स्थापना आयर्लंडच्या केरी परगण्यातील एका गुत्त्यात केली.

१९५९ साली हा शोध जगापुढे आला तेव्हा खानापुरात आणि बेळगावात त्याची वार्ता पोहोचण्याचे कारणच नव्हते. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हा सारा प्रदेश कोरडा केला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. हे राज्यांतर येथील मराठी माणसाच्या जिव्हारी लागले. परंतु दारूबंदी तेवढी राज्याबरोबर बदलली नाही. भेर्ली माडाखालचे मडकेही कायद्याच्या कक्षेत आले होते. घाटापलीकडे पोर्तुगीजांच्या अमलाखालील गोव्यात मात्र काजूची आणि माडाची फेणी राजरोस गाळली जात होती. एक डोंगर ओलांडला की कायदा बदले, आणि ह्याचा लाभ कोणी घेत नसेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. गोवा १९६१ साली मुक्त झाला. म्हैसूर राज्यातील दारूबंदी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात उठली.

पिपाचा प्रश्न सुटला तरी घरी नेण्याच्या डब्याचा राहिला होता. डब्यास तोटी नाही, चकती नाही. मग तो फेस यावा कसा? कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यावर विचार चालविला होता. उत्तर १९८८ साली बाजारात आले. डब्याच्या तळाशी प्लास्टिकची एक लहानशी पोकळ कुपी बसवावयाची, तिला सुईच्या अग्राएवढे छिद्र ठेवावयाचे आणि डबा बंद करण्यापूर्वी त्यात द्रवरूप नत्रवायूचा एक थेंब सोडावयाचा. थेंबाची वाफ होऊन दाब वाढतो आणि कुपीत वायू व बीअर शिरून बसतात. डबा उघडताच बाहेरचा दाब एकदम उतरतो, कुपीतील ऐवज छिद्रातून जोराने फवारला जातो आणि सगळ्या डब्यात तो बारीक फेस उठतो. ह्या चिमुकल्या कुपीस १९९१ साली ब्रिटनच्या राणीचे तंत्रविद्येचे पारितोषिक मिळाले.

फेसाखेरीज मद्यशाळेच्या इतर कामांतही नत्रवायूचा शिरकाव झाला आहे. टाक्या आणि नळ्या ह्यांतील प्राणवायू हुसकून लावणे, एका टाकीतील माल दुसरीत ढकलणे, डबे भरण्यापूर्वी ते हवारहित करणे, ही कामे पूर्वी कर्बाम्लवायूकडून घेत. त्या वायूचा पुरवठा किती परावलंबी आहे हे २०१८च्या उन्हाळ्यात युरोपात दिसून आले. तेथील बराचसा विक्रीचा कर्बाम्लवायू अमोनियाच्या कारखान्यांतून जोडउत्पादन म्हणून मिळतो. त्या वर्षी असे कित्येक कारखाने एकाच सुमारास बंद होते, आणि जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या ऐन भरात बीअरवाल्यांस वायू मिळेनासा झाला. अमोनिया करतात तो हवेतील नत्रवायूपासून आणि मुख्यतः खतासाठी. खानापूरच्या भातशेतकऱ्यास नत्र ठाऊक आहे ते युरियाच्या पोत्यातून. त्याच नत्राच्या कारखान्याला कुलूप लागले म्हणून लंडनच्या गुत्त्यात टंचाई व्हावी, असा हा विलक्षण संबंध आहे. नत्रवायूसाठी मात्र कोणा कारखान्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. हवेतून तो गाळून घेणारी यंत्रे लहान मद्यशाळेच्या कोपऱ्यातही मावतात.

ह्या सोयीबरोबर एक धोकाही आला आहे आणि तो तळघरात काम करणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे. कर्बाम्लवायू साचला तर नाक झोंबते, धाप लागते. शरीर इशारा देते. तरीही आंबणाच्या पिंपात उतरून माणसे दगावल्याची उदाहरणे मद्यशाळांच्या इतिहासात थोडी नाहीत. नत्रवायू कसलाच इशारा देत नाही. त्यास वास नाही, रंग नाही, आणि त्याने भरलेल्या कोंदट जागेत मनुष्य धाप न लागताच काही श्वासांत बेशुद्ध होऊन पडतो. प्रीस्टलीची मेणबत्ती येथेही विझली असती. आधुनिक तळघरात तिच्या जागी हवेतील प्राणवायू मोजणारे आणि तो घटताच घंटा वाजविणारे यंत्र भिंतीवर असावे लागते. ते नसेल तेथे स्वस्त नत्रवायू महाग पडतो.

अलीकडे ह्याच तोटीतून मद्यविरहित पेयही वाढले जाऊ लागले आहे. थंड पाण्यात रात्रभर भिजवून काढलेल्या कॉफीत नत्रवायू सोडतात. साखर-दूध न घालता तिला सायीचा दाटपणा येतो. कोडगू आणि चिकमगळूर ह्या कर्नाटकातील कॉफीच्या मुलखापासून खानापूर फार दूर नाही. काचेच्या पेल्यात ही कॉफी ओतली की स्टाऊटप्रमाणेच एक चमत्कार दिसतो : बुडबुडे काचेलगत वर न चढता खाली उतरताना दिसतात. आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठाच्या गणितज्ञांनी २०१२ साली त्याचा उलगडा केला. वर रुंद होत जाणाऱ्या पेल्यात बुडबुडे मध्यभागी दाटी करून वर जातात, तेथील द्रव आपल्याबरोबर वर ओढतात, आणि तो द्रव काठाने खाली परतताना कडेच्या बारीक बुडबुड्यांना आपल्यासवे घेऊन उतरतो.